खिशातल्या घड्याळासाठी जर्मन स्टँड: हानाऊची चांदी की मुलाम्याचे ओतीव काम

घरात चालू स्थितीतले खिशातले घड्याळ असेल आणि ते कपाटातल्या डबीत पडून न राहता टेबलावर दिसावे असे वाटत असेल, तर जुना जर्मन स्टँड घेण्याचा विचार फार लवकर दोन वाटांशी येऊन थांबतो. एक वाट हानाऊच्या चांदीची आहे: पातळ पत्र्यावरचे उठावाचे काम, पंखवाली गुबगुबीत बाळे, फुलांचे हार, शिंपल्यांची नक्षी आणि कुठेतरी कडेला ८०० चा शिक्का, म्हणजे हजारात ८०० भाग चांदी. दुसरी वाट १९०० च्या आसपासच्या युगेंडस्टील, म्हणजे आर्ट नूव्होच्या जर्मन रूपातल्या ओतीव कामाची आहे: कथलाच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा, मोकळ्या केसांची स्त्री आणि वेलीसारख्या वळत गेलेल्या लांब रेषा. मी दोन्ही प्रकार रोजच्या वापरात ठेवून पाहिले आहेत. माझी निवड ज्या कारणाने ठरली ते चांदीच्या कसाचे नव्हते आणि सौंदर्याचेही नव्हते. विक्रेत्यांच्या वर्णनांत ते कारण मला अजून आढळलेले नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते.

कोरीव लाकडाचे स्टँड मी या तुलनेतून बाजूला ठेवले आहेत. अस्वलांचे जे लाकडी स्टँड 'ब्लॅक फॉरेस्ट' म्हणून विकले जातात, त्यांतले बहुतेक मुळात जर्मन नसून स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ या गावच्या कोरीवकामाच्या परंपरेतले आहेत. ते सुंदर असतात, पण त्यांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा.

हानाऊ हे फ्रँकफर्टजवळचे शहर. १५९७ मध्ये तिथल्या काउंटने नेदरलँड्सकडून आलेल्या वालोन (फ्रेंच बोलणाऱ्या) आणि डच प्रोटेस्टंट निर्वासितांना नवे नगर वसवू दिले आणि त्यांच्यासोबत सोनारकीही तिथे आली. १७७२ मध्ये या कारागिरांसाठी चित्रकला-रेखाटनाची अकादमी निघाली. ती आजही चालू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८७१ नंतर जर्मन मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला तेव्हा, श्लाइसनर आणि नेरेसहाइमर यांच्यासारख्या हानाऊच्या कारखान्यांनी जुन्या शैलींतली चांदी मोठ्या प्रमाणावर घडवली. प्रबोधनकाळ, रोकोको, जे हवे ते. पोलादी साच्यावर पत्रा दाबून आकार काढायचा आणि मग छिन्नी-हातोडीने तपशील उठवायचे, अशी पद्धत साधारणपणे असे. हातकामाचा हा दुसरा टप्पा जितका मनापासून केलेला, तितकी वस्तू चांगली. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या देवळांत चांदीच्या पत्र्याची प्रभावळ आणि पालखी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. राळेवर पत्रा ठेवून ठोकणाऱ्या कारागिराचा हात पानाच्या शिरेत आणि चेहऱ्याच्या पापणीत दिसतो; नुसत्या साच्याचे काम तिथेच सपाट पडते.

हानाऊच्या बाबतीत खरेदीदाराने सर्वांत जास्त सावध राहायचे ते शिक्क्यांबद्दल. तिथे नगराचा सक्तीचा शिक्का नसल्यामुळे अनेक कारखान्यांनी स्वतःचे काल्पनिक शिक्के बनवले, आणि ते जुन्या फ्रेंच किंवा ऑग्सबर्गच्या शिक्क्यांसारखे दिसतील अशी काळजी घेतली. ऑग्सबर्गचे खरे चिन्ह पाइनच्या फळाचे आहे. त्याच्या जवळपास जाणारे एखादे फळ, एखादे मुकुट घातलेले अक्षर आणि एखादी घासल्यासारखी वाटणारी आकृती एकाच वस्तूवर ओळीने दिसली, तर ती अठराव्या शतकातली असण्यापेक्षा १८९० च्या आसपासची हानाऊची असण्याची शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. यात त्या वस्तूचा अपमान नाही. हानाऊची म्हणून घ्या आणि हानाऊच्या किमतीला घ्या, एवढेच. जर्मन साम्राज्याने १८८४ मध्ये केलेला आणि १ जानेवारी १८८८ पासून लागू झालेला कायदा इथे चांगला आधार देतो. त्यानुसार चंद्रकोर, मुकुट आणि हजारातला कस दाखवणारा आकडा, म्हणजे ८०० किंवा त्याहून जास्त, असा शिक्का चांदीच्या वस्तूंवर येऊ लागला. ही जोडी दिसली की वस्तू १८८८ च्या आधीची नाही, हे निश्चित होते. त्याआधी कस 'लोट'मध्ये मोजत. १६ लोट म्हणजे शुद्ध चांदी, त्यामुळे १२ चा आकडा म्हणजे ७५० आणि १३ म्हणजे सुमारे ८१२ कस. काही वस्तूंवर या सगळ्यांसोबत इंग्रजी आयात शिक्केही असतात. ब्रिटनमध्ये ९२५ पेक्षा कमी कसाची वस्तू चांदी म्हणून विकता येत नसे, म्हणून तिकडे पाठवायचा माल जास्त कसाचा घडवावा लागे. इंग्रजी आयात शिक्क्याचा हानाऊ स्टँड मिळाला तर तो मी डोळे झाकून नाही, पण पुष्कळ विश्वासाने घेईन.

आता दुसऱ्या बाजूविषयी. गाइसलिंगेनचा व्यूर्टेमबर्गिशे मेटालवारेनफाब्रीक, म्हणजे डब्ल्यूएमएफ, हे या प्रकारातले सर्वांत परिचित नाव. १८५३ मध्ये सुरू झालेला कारखाना १८८० च्या विलीनीकरणातून या नावाने उभा राहिला आणि शहामृगाचे चिन्ह त्याची ओळख ठरले. आल्बर्ट मायर यांच्या देखरेखीखालच्या त्यांच्या कलाविभागाने युगेंडस्टीलच्या काळात तबके, आरसे, फुलदाण्या आणि अशा लहानसहान टेबलावरच्या वस्तूंना जो डौल दिला, तो मला आजही थक्क करतो. क्रेफेल्डचे कायझरत्सिन आणि कोलोनचे ओरिविट हीही त्याच कुळातली नावे. कायझरत्सिन मात्र मुलाम्याचे नाही. ते झळाळी दिलेले शिसेविरहित कथील आहे, त्यामुळे त्यात मुलामा उडण्याची भीतीच नसते. मुलाम्याच्या वस्तूंखाली बहुधा ब्रिटानिया धातू असतो, ज्यात कथील नव्वद टक्क्यांहून जास्त आणि बाकी अँटिमनी व थोडे तांबे असते. काही वस्तूंखाली पितळ असते. नाकाच्या शेंड्यावर किंवा गुडघ्यावर मुलामा झिजला असेल तर खालचा रंग पाहावा. करडा असेल तर ब्रिटानिया, पिवळा असेल तर पितळ.

कलेच्या दृष्टीने मला हे ओतीव काम जास्त प्रामाणिक वाटते, हे मी मोकळेपणाने सांगतो. हानाऊचा कारागीर दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबाराची आठवण घडवत होता, तर १९०० चा युगेंडस्टील शिल्पकार स्वतःच्या काळाचे काहीतरी बोलत होता. घड्याळ धरणारी स्त्री आणि तिच्या वस्त्राच्या चुण्यांतूनच उगवलेले बैठकीचे पान, ही कल्पना पत्र्याच्या कामात इतक्या सहजतेने येऊ शकत नाही. हातात घेतल्यावरही ओतीव स्टँड जड आणि भरीव लागतो, आणि नवखा खरेदीदार त्या वजनालाच चांदी समजून बसतो. हानाऊचा स्टँड उलट आश्चर्य वाटेल इतका हलका असतो. जड लागलाच तर त्याच्या तळात राळ किंवा प्लास्टर भरलेले असण्याचा संभव असतो, म्हणून वजनावरून चांदीची किंमत काढणाऱ्या विक्रेत्याला तळ कशाने भरला आहे हे आधी विचारावे. जर्मन मुलाम्याच्या चमच्यांवर दिसणारा ९० चा आकडाही असाच फसवतो. तो कस नसून ठरावीक क्षेत्रफळावर चढवलेल्या चांदीचे ग्रॅम सांगतो.

दुरुस्तीच्या बाबतीत पारडे स्पष्टपणे चांदीकडे झुकते. निघालेला पाय किंवा तडकलेली कड घेऊन पुण्यातल्या किंवा हुपरीच्या चांगल्या कारागिराकडे गेलात, तर चांदीचा डाख देऊन तो ती नीट जोडील. ८०० कस त्याला अपरिचित नाही. तोच कारागीर ब्रिटानिया धातूवर त्याच सवयीने ज्योत धरील तर वस्तू क्षणात ओघळेल, कारण कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि चांदीच्या डाखाला सहाशे-सातशे अंशांच्या घरातली उष्णता लागते. म्हणून ओतीव स्टँड कुणाच्याही हाती देण्यापूर्वी धातू कोणता ते तोंडाने सांगावे, नुसते 'जुनी जर्मन वस्तू' म्हणून सोडू नये. पुन्हा मुलामा चढवून घेण्याचा सल्लाही मी देणार नाही. खाचांत मुद्दाम ठेवलेली काळसर छटा त्यात जाते आणि चेहरा कोरा होतो. हानाऊच्या वस्तूत मात्र एक गोष्ट जरूर तपासावी. कुणीतरी पूर्वी शिशाचा मऊ डाख वापरून जोड दिला असेल तर तिथे करडा, पसरट डाग दिसतो. अशा जागी नंतर आच दिली की शिसे चांदीत शिरून पत्रा खातो.

इथपर्यंतच्या विचारावरून निवड ठरली असती तर मी कदाचित ओतीव स्टँडच ठेवला असता. तो माझ्याकडे आला तेव्हा त्यावर ओळखता येईल असा कोणताही शिक्का नव्हता, त्यामुळे त्याच्या घडणाऱ्याविषयी मी काही म्हणत नाही. आणि दोष त्याच्या घडणीत नव्हताही. दोष असलाच तर तो आकडीचा. त्या स्टँडवर घड्याळ वरच्या कडीने एका वळणदार आकडीला अडकवायचे होते आणि ते खाली मोकळे लोंबत असे. दिसायला अतिशय सुरेख. माझे घड्याळ वेस्ट एंडचे आहे, ज्या नावाची घड्याळे मुंबईतून अनेक मराठी घरांत पोचली. टेबलावर आडवे ठेवले किंवा खिशात उभे राहिले तर ते शहाण्यासारखे चालते. या आकडीवर रात्र काढल्यावर मात्र सकाळच्या चहापर्यंत ते डोळ्यांना कळेल इतके पुढे गेलेले असे. घड्याळजीने ते उघडून पाहिले, पुसले, तेल दिले, आणि त्याच्याकडे ते बरोबर चालले. घरी आकडीवर अडकवले की पुन्हा पुढे.

कारण एका रात्री दिव्याच्या प्रकाशात दिसले. घड्याळाच्या काचेवरून भिंतीवर पडलेला उजेडाचा ठिपका स्थिर नव्हता; तो बारीक, अखंड थरथरत होता. घड्याळ स्वतःच झुलत होते, आणि त्याला झुलवत होते त्याच्या आतले बॅलन्सचे चक्र, म्हणजे मागेपुढे फिरून घड्याळाची गती राखणारे चाक. हे चक्र एका बाजूला फिरते तेव्हा घड्याळाच्या डबीला उलट दिशेने अगदी हलका धक्का बसतो. डबी टेकलेली असेल तर तो धक्का टेबलात किंवा खिशाच्या कापडात जिरून जातो. ती मोकळी टांगलेली असेल तर तिचाच लंबक होतो, आणि दुर्दैवाने त्या लंबकाची लय चक्राच्या लयीच्या फार जवळची असते. जुनी घड्याळे बहुधा तासाला १८,००० टिक करतात, म्हणजे सेकंदाला ५ टिक, म्हणजे चक्राची अडीच पूर्ण आंदोलने. सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा साधा लंबकही सेकंदाला अडीच वेळाच झुलतो. नेहमीच्या आकाराच्या खिशातल्या घड्याळाचा मध्य त्याच्या कडीपासून साधारण तेवढाच खाली असतो. त्यामुळे चक्र आणि डबी एकमेकांना साथ देत राहतात, आणि वेळ चुकते. प्रत्येक घड्याळात ती किती चुकेल आणि पुढे जाईल की मागे, हे कडीच्या लांबीवर आणि डबीच्या वजनावर अवलंबून असणार. माझे पुढे गेले. आपले कदाचित जवळजवळ बरोबरही चालेल, आणि तसे झाले तर माझा आक्षेप आपल्याला लागू नाही.

उपाय करून पाहिले. घड्याळाच्या पाठीमागे कापसाचा बोळा धरला की ठिपका थांबे आणि सकाळी वेळ बरोबर असे. म्हणजे निदान योग्य होते. पण त्या स्टँडमध्ये घड्याळाच्या मागे टेकू म्हणून काहीच नव्हते. स्त्रीचा हात वर, आकडी हातात, आणि मागे मोकळी हवा. हीच त्या शिल्पाची कल्पना होती. बूच किंवा चामड्याचा तुकडा मध्ये बसवला तर ती कल्पना मोडते, आणि बसवायला जागा म्हणून तिच्या वस्त्राच्या उंच कडेलाच घड्याळ घासते, जिथे मुलामा आधीच पातळ झालेला असतो. वेळ बरोबर ठेवायची तर शिल्प झाकायचे आणि शिल्प राखायचे तर वेळ सोडायची, ही अडवणूक मला रोज रात्री घड्याळ अडकवताना जाणवू लागली. एरवी छोटी वाटणारी गोष्ट रोजच्या वापरात मोठी होते ती अशी.

हानाऊच्या स्टँडने हा प्रश्न सोडवला तो त्याच्या चांदीमुळे नव्हे, बैठकीमुळे. माझ्याकडचा आता जो आहे त्याच्या समोरच्या नक्षीदार पत्र्यात गोल खिडकी आहे, मागे मखमल लावलेली लाकडी पाठ आहे आणि तळाला अर्धचंद्राकार ओठ आहे. घड्याळ त्या ओठावर उभे राहते, पाठीला टेकते आणि किंचित मागे कललेले असते. दिवसभर खिशात जसे उभे होते तसेच रात्रीही राहते, त्यामुळे स्थिती बदलल्याने पडणारा फरकही कमी होतो. भिंतीवरचा ठिपका इथे स्थिर आहे. हानाऊचे सगळेच स्टँड बैठकीचे असतात असे मात्र समजू नये. आकडीचेही पुष्कळ आहेत, आणि उलट ओतीव कामातही बैठक असलेले नमुने मी पाहिले आहेत. तरीही माझ्या पाहण्यात पाठ असलेली रचना पत्र्याच्या कामात जास्त वेळा आली, कारण पातळ पत्र्याला आधारासाठी मागे लाकूड लागतेच आणि घड्याळाला त्याचा आपोआप लाभ होतो.

बैठकीचा आणखी एक फायदा झाकणाच्या घड्याळांना होतो. उघड्या तबकडीच्या घड्याळात कडी १२ च्या डोक्यावर असते, म्हणून आकडीवर ते सरळ दिसते. झाकणाच्या बऱ्याच घड्याळांत कडी आणि चावी ३ पाशी असते; ती आकडीवर टांगली की ३ वर जातात आणि १२ डावीकडे झुकतात. बैठकीत कडीसाठी बाजूला फट असेल तर असे घड्याळ सरळ ठेवता येते, फक्त झाकण उघडे राहायला समोर जागा हवी.

चांदीची कटकट अर्थात आहेच. ८०० कसात पाचवा हिस्सा साधारणपणे तांब्याचा असल्यामुळे ती ९२५ पेक्षा लवकर काळवंडते, आणि कोकणपट्टीतल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात हे ठळकपणे दिसते. उठावाच्या टोकांवर वारंवार पावडर घासली तर पत्र्याला बारीक भोके पडतात. उजेडासमोर धरून पाहिल्यास ती दिसतात, आणि खरेदीपूर्वी हे करावेच. मी फक्त रिठ्याच्या पाण्याने भिजवलेले मऊ फडके उंच भागांवरून फिरवतो आणि लगेच कोरडे करतो. खाचांतली काळसर छटा तशीच राहू देतो, कारण नक्षीला खोली तिच्यामुळेच येते. लाकडी पाठीची वस्तू पाण्यात बुडवू नये. ॲल्युमिनियमचा कागद आणि सोडा यांचा प्रचलित उपायही इथे टाळावा, कारण त्यात सगळीच छटा एकसारखी उडून जाते.

ज्यांना घड्याळ चालवायचे नाही, जे बंद घड्याळ आठवण म्हणून ठेवणार आहेत, त्यांनी शिक्का स्पष्ट असलेला युगेंडस्टील ओतीव स्टँड घ्यावा, असे मी मनापासून म्हणेन. तिथे आकडीचा माझा आक्षेप उरतच नाही आणि शिल्प पुरेपूर मिळते. फक्त जुन्या वस्तूवरून पुन्हा साचा घेऊन ओतलेल्या नकलांकडे लक्ष ठेवावे. त्यांत केसांच्या रेषा आणि बोटांच्या फटी बुजल्यासारख्या दिसतात. किमतीचेही भय फार बाळगू नये, कारण नामांकित कारखान्याचा चांगला मुलाम्याचा स्टँड साध्या हानाऊ स्टँडपेक्षा नेहमी स्वस्तच मिळतो असे नाही.

घड्याळ रोज चावी देऊन चालवणार असाल तर मात्र मी पाठ आणि बैठक असलेल्या हानाऊच्या चांदीकडेच बोट दाखवीन. विक्रेत्याला विचारायचे ते खिडकीचा आणि ओठाचा व्यास. १९ लिनच्या (लिन हे घड्याळाच्या यंत्राचे जुने फ्रेंच माप) यंत्राचा व्यास सुमारे ४३ मिलिमीटर असतो आणि डबीसह तो साधारण ५० पर्यंत जातो, तेव्हा ४५ ची खिडकी असेल तर तबकडी पूर्ण दिसते आणि डबीची कड मागे टेकून राहते. स्त्रियांच्या लहान घड्याळासाठी केलेली खिडकी आपल्याला उपयोगी पडणार नाही, आणि पत्रा कापून ती मोठी करण्याचा विचार कुणी सुचवला तरी मान्य करू नये. जुनी मखमल विरली असेल तर ती बदलायला हरकत नाही, फक्त नवी सुती घ्यावी. लोकरीत आणि लोकरीच्या फेल्टमध्ये गंधक असते, आणि ते बंद जागेत चांदीला आतूनच काळे करते.